वाऱ्याची पाळी

"शलमोन हाय का घरात?"

श्रीमंत पाटलांचा आवाज, आणि तोही आमच्या दारात! मी चुलीवरचं कालवण ढवळत होते, ते मुद्दाम ढवळतच राहिले. राहू देत उभे घटकाभर, म्हटलं. ज्यांच्या बापजाद्यांनी आमच्या आळीत कधी पाऊल टाकलं नाही, त्यांना आमच्या उंबऱ्यासमोर ताटकळताना बघायची माझी फार दिवसांची हौस होती. ती मी फेडून घेतली.

"आहेत. जेवताहेत," मी आतूनच सांगितलं.

"जेवू द्या, जेवू द्या. तेवढं इचारा, आज वारं कवा सुटंल? सगळी मानसं खळ्यावर हात बांधून बसल्यात."

शलमोन खरकट्या हातानंच बाहेर गेले. आभाळाकडे नुसतं बघायचं म्हणून बघितलं, कारण बघायचं ते सकाळीच बघून झालं होतं.

"दुपार कलू द्या, पाटील. वरचं वारं दांडगं हाय, सकाळचा फुगा पार उगवतीला पळाला. ऊन तापलं की खाली उतरंल. आज दिवस बुडंस्तवर पडायचं न्हाई."

"खातरीनं?"

"खातरीनं."

पाटील गेले. शलमोन परत ताटावर येऊन बसले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं भाकरी मोडू लागले. मला मात्र हसू आवरेना. "अहो, पाटील तुम्हाला विचारायला आले होते. तुम्हाला!" "वाऱ्याला इचारायला आलते," ते म्हणाले. पण कान लाल झाले होते, ते काय मला दिसत नव्हते?

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. ज्या गावानं ते नाव वर्षभर अदबीनं घेतलं आणि मग त्याच तोंडानं त्यावर थुंकलं, त्या गावाच्या नाकावर टिच्चून घेते.

आमचं धोंडवाडी कर्जतच्या वाटेवर, एका खोलगट जागेत बसलेलं. नावात धोंडे आणि रानातही धोंडेच. गावात वारा शिरत नाही. वारा हवा असेल तर वरच्या माळावर जायचं. म्हणून साऱ्या गावाची खळी एकाच माळावर. ज्वारी मळून झाली की उफणायची: तिपाईवर उभं राहून पाटी हळूहळू ओतायची, दाणा खाली पडतो, भुसकट वाऱ्यानं पुढं जातं. एकाचं भुसकट दुसऱ्याच्या राशीत पडू नये म्हणून सगळ्यांनी एकदम उफणायचं नाही, पाळीनं उफणायचं. आणि आमच्याकडचा वारा काही दिवसभर मिळत नाही. दुपारी येतो, संध्याकाळी पडतो. तेव्हा पहिली पाळी पाटलांची, मग त्यांच्या भावकीची, मग बाकीच्या गावाची. आम्ही ख्रिस्ती वेशीबाहेरचे, आमची पाळी शेवटची. म्हणजे आमची पाळी यायची तेव्हा वारा पडलेला असायचा. मग बसा सूप हलवत. आमच्या आळीतल्या भाकरीत भुसकट असायचं, ते ह्या पाळीमुळे. वारा देवाचा, पण आम्हाला मिळायचा तोही उष्टा.

मी नगरच्या मिशन शाळेत शिकलेली, आमच्या आळीतल्या पोरांना शिकवायला मिशननं मला इथं धाडलं आणि इथंच शलमोनशी लग्न झालं. शलमोनही मराठी सातवी झालेले. पण सातवी होऊन करायचं काय? खडी फोडायची, दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकायची. ते सगळं त्यांनी केलं.

मग बेचाळीसच्या दसऱ्यानंतर सरकारी लॉरी माळावर चढली आणि तिच्यातून राधाकृष्ण साहेब उतरले. हवामानाच्या खात्यातले, नगरचेच, वयानं शलमोनच्या बरोबरीचे. लढाईचे दिवस होते. माळावर त्यांना तीन पायांच्या तिकाटण्यावर एक दुर्बीण बसवायची होती, एक झोपडी बांधायची होती आणि रोज सकाळ-दुपार एक फुगा आभाळात सोडायचा होता. फुगा कुठल्या बाजूला किती जातो ते दुर्बिणीतून बघायचं, की वर किती वारा आहे ते कळतं. कामाला आकडेमोड येणारा माणूस हवा होता. गावात तसा एकच निघाला, आणि तो निघाला वेशीबाहेर. पाटलांचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं झालं होतं.

पण माळ गावाचा. खळी जातील ह्या धास्तीनं गाव चावडीवर जमलं. राधाकृष्ण साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माळावर एक दुर्बीण आणि एक झोपडी, एवढंच. गावाच्या काडीलाही हात लागणार नाही. उलट वाऱ्याचा अंदाज तुम्हाला फुकट कळेल. हे शलमोन सांगत जातील."

पाटील पक्के. ते साहेबाकडे बघेचनात. वळून शलमोनला म्हणाले, "सायबाचा शबुद आमाला नगं. सायेब उद्या बदलून जाईल. तुजा दे. तू कुटं जातूस?"

शलमोननी साहेबाकडे बघितलं. साहेबानं मान हलवली. तेव्हा शलमोन म्हणाले, "माजा बाप ह्याच गावच्या मातीत हाय. त्येच्या मातीची शपत. माळ गावाचाच ऱ्हाईल."

आमच्या माणसाचा शब्द गावानं चावडीवर मागून घेतला, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. त्या रात्री शलमोनना झोप लागली नाही. मला म्हणाले, "दया, मी शबुद दिला. आता तो माज्यापेक्षा मोटा झालाय."

राधाकृष्ण साहेब महिन्यातून दोनदा यायचे. माणूस गोड होता, ते मी आजही नाकारणार नाही. त्यांची हाक "अहो शलमोन" अशी असायची. "अहो!" आमच्या आळीत बाहेरच्या कुणी कुणाला अहो म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. गावासाठी ते शलमोन्या होते. फुगा उडायला लागल्यावर हळूहळू शलमोन झाले. पण ह्या साहेबानं पहिल्या दिवसापासून अहो म्हटलं, आणि दुसऱ्याच खेपेला माझ्या चुलीपुढं पाट घेऊन जेवायला बसला. ब्राह्मणाचा मुलगा! मला घाम फुटला. "दयाबाई, तुमच्या हातच्या ठेच्याला नगरात तोड नाही," असं म्हणत त्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली. मी आणि शलमोन एकमेकांकडे बघत राहिलो. मला माझ्या येशूची आठवण झाली, तोही असाच सगळ्यांच्या घरी जेवायचा. त्याच्याच ताटात जेवलेल्या एकानं पुढं त्याला धरून दिलं, ते मला त्या वेळी आठवलं नाही.

एकदा त्यांनी शलमोनना उफणताना बघितलं. खाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "जड ते जवळ पडतं, हलकं ते लांब जातं. किती लांब जाईल ते वारा ठरवतो. अहो शलमोन, विमानातून खाली सोडलेल्या वस्तूचंही अगदी असंच असतं."

"कंची वस्तू, साहेब?"

"कुठलीही. टपालाची पिशवी, औषधं, धान्याची पोती. वरचा वारा ज्याला आधी कळला त्याचं सामान बरोबर जागेवर पडतं. ज्याला नाही कळला त्याचं शत्रूच्या हातात. ह्या लढाईत आभाळ ज्याला कळेल तो जिंकेल, बघा तुम्ही."

शलमोन खूश. आपला फुगा कुठल्या तरी जंगलात उपाशी शिपायांना धान्य पोचवतोय, असं त्यांच्या मनानं घेतलं. रविवारी आमच्या मिशनच्या देवळात त्या शिपायांसाठी प्रार्थनासुद्धा केली.

आणि गावातही आमचे दिवस पालटले. त्या फाल्गुनात श्रीमंत पाटील दारात येऊन वाऱ्याचं विचारून गेले, ते मी आधीच सांगितलं. वारा शलमोननी सांगितल्याप्रमाणे सुटायचा, सांगितल्याप्रमाणे टिकायचा. एकदोनदा चुकलेही, पण तेव्हा गाव हसून सोडून द्यायचं. वारा किती वेळ टिकणार ते आधी कळल्यानं पाळ्या पटापट उरकायला लागल्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या राशीला दिवसाउजेडी वाहता वारा मिळाला. पाळी शेवटचीच होती हं. ती कुणी बदलली नाही. पण भाकरीत भुसकट नव्हतं. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी विधवा होती, पाटलांच्या भावकीतली, पोटी मूलबाळ नाही. ती तर रोज माळावर येऊन लांबूनच ओरडायची, "शलमोना, वारं कवा पडंल रं?" आणि शलमोन दुर्बिणीपासून सांगायचे, "आजी, अजून लई हाय."

पुढं त्रेचाळीसचा आषाढ आला. आषाढ नावाचाच, आमच्याकडे ढग येतात ते पाहुण्यासारखे पाणी न पिता निघून जातात. अशा एका दिवशी दोन मोटारी भरून मोठे अधिकारी माळावर आले, त्यात गोरेही होते. राधाकृष्ण साहेब त्यांच्या मागेपुढे. सारं गाव धावत माळावर गेलं. आता आमच्या गावाची खोड सांगते. मोटारीतून सरकारचा माणूस उतरला की आमचं गाव रडायला लागतं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मोटार आली म्हणजे दुष्काळाची पाहणी आली, आणि जितकं जास्त रडू तितका जास्त शेतसारा माफ, एवढंच त्यांना ठाऊक.

राधाकृष्ण साहेबांनी मराठीत विचारलं, "पावसाळ्यात इथे ढग किती दिवस असतात?"

"ढग?" पाटलांनी कपाळावर हात मारला. "सायेब, ढगाचं त्वांड बगून वरीस झालं. आभाळ कसं, तव्यावानी कोरडं!"

"म्हणजे पावसाळ्यातही आभाळ मोकळं?"

"मोकळं म्हंजे? वरून घार उडाली तर तिची नखं दिसत्यात!" मागून कुणीतरी ओरडलं. झुंबरबाईनं तर पदर डोळ्याला लावला. "आसाडात बी धुरळा उडतुया, बाबा. पानी न्हाई, ढग न्हाई, कायबी न्हाई."

खरं तर त्या वर्षी मृगात बरा पाऊस झाला होता. पाटलांच्या विहिरीला दोन पुरुष पाणी होतं. पण कुणी ते बोललं नाही. गोऱ्या अधिकाऱ्यानं आभाळाकडे बघून हसून मान डोलावली, आणि गावाला वाटलं, झालं, सारा माफ! संध्याकाळी चावडीवर गूळ वाटला. शलमोननी मात्र गूळ तोंडात टाकला नाही. मला म्हणाले, "दया, दुष्काळ बगून कुनी हसतं का?"

नाताळ होऊन गेला आणि तलाठी हुकूम घेऊन आला. लढाईच्या कामासाठी धोंडवाडीचा माळ, गाव आणि भोवतालचं सगळं रान सरकारनं घेतलं. इथं विमानं बॉम्ब टाकायचा सराव करणार. गावानं होळीच्या आत उठायचं. होळीच्या दिवशी चारी बाजूंना लाल निशाणं लागतील. त्यानंतर आत दिसेल त्याच्या जिवाची जबाबदारी सरकारवर नाही.

गाव चावडीवर जमलं. मग पाटील उठले. त्यांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेली हलगी उचलली आणि सगळ्यांसमोर शलमोनच्या पायापाशी फेकली.

"दे दवंडी. तुजं काम हाय. शलमोन्या, तूच गाव इकलंस, तूच सांग समद्यास्नी."

माझ्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी दवंडीची हलगी कायमची खाली ठेवली होती. त्यापायी त्यांनी मार खाल्ला होता, पण पुन्हा हात लावला नव्हता. मी तिथंच होते, बायांच्या घोळक्यात. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"कुणी विकलं हो गाव?" मी पुढं झाले. "साहेबापुढं गळा कुणी काढला? ढग नाही, पाऊस नाही, घारीची नखं दिसतात! कोण म्हणालं ते? ह्यांनी?"

"ह्या बाईला आवर!"

"मला काय आवरता? तुमच्या विहिरीतलं पाणी का नाही दाखवलंत त्या दिवशी?"

"दया!" शलमोनचा आवाज मी इतका वर गेलेला कधी ऐकला नव्हता. मग ते हळू बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्येंनी पोटापायी सांगितलं. सारा माफ व्हावा म्हनून. शबुद मी दिला हुता. त्येंनी न्हाई."

हलगी त्यांनी उचलली नाही. तिला ओलांडून पुढं गेले, तलाठ्याच्या हातून हुकूम घेतला आणि उभ्यानं सगळा वाचून दाखवला. आवाज कुठंही कापला नाही. वाचून झाल्यावर झुंबरबाई जवळून गेली आणि त्यांच्या पायाशी थुंकली. "माज्या नवऱ्याची माती हाय हितं," म्हणाली. "तुज्या शबुदावर गप ऱ्हायले म्या."  शलमोनच्या बापाची मातीही तिथंच होती.

त्या दिवसापासून आमच्या दारात कुणी आलं नाही. माझ्या शाळेत आमच्याच आळीतली पोरं यायची थांबली. आमच्याच आळीतली, बघा! त्यांनाही घर सोडून जायचं होतं, त्यांनाही राग धरायला कुणीतरी हवं होतं. नगरात बसलेल्या सरकारवर थुंकता येत नाही. शलमोन हाताशी होते.

आठवड्यानं राधाकृष्ण साहेब लॉरी घेऊन आले, दुर्बीण न्यायला. दारापाशी येऊन थांबले. त्या दिवशी आत येईनात.

"या की आत," मी म्हटलं. "ठेचा वाटलाय."

"अहो शलमोन..." त्यांनी सुरुवात केली.

"अहो नगं, साहेब. येक सांगा. तुमाला कवापासून ठावं हुतं?"

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "ठाणं टाकलं तेव्हापासून. असे तीन-चार माळ बघत होतो आम्ही. पावसाळ्यातही आभाळ मोकळं असेल, वारा एकसारखा असेल, असा एक हवा होता. ब्रह्मदेशात पावसानं विमानं अडकून पडतात, नव्या वैमानिकांना शिकवायला जागाच नाही. हा माळ सगळ्यात चांगला निघाला."

"म्हंजे चावडीवर गावाला सांगितलंत तवा ठावं हुतं. मी शबुद दिला आनि तुमी मान हलवली, तवा."

"ठरलं नव्हतं तेव्हा. पण... हो."

"आणि माझ्या चुलीपुढं बसून जेवलात तेव्हा?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघू शकले नाहीत. "हो, दयाबाई."

तीन भाकऱ्या! मला त्या क्षणी काय आठवावं, तर ह्या माणसानं मागून घेतलेली तिसरी भाकरी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. खाल्लं ते मीठ कुठं ठेवलंत हो, असं ओरडावंसं वाटलं.

साहेब घाईघाईनं बोलायला लागले. लढाई आहे, सांगायची मुभा नव्हती, गाव दोन मैल अलीकडेपलीकडे असतं तर बरं झालं असतं. आणि मग म्हणाले, "तुमची नोकरी जाणार नाही, ते मी बघितलंय. सरावासाठी इथं मोठं ठाणं होईल. वैमानिकांना वारा सांगायला तुमच्यासारखा माणूस नाही. राहायला पत्र्याचं घर मिळेल, ह्याच माळावर. सगळ्या गावात तुम्हाला एकट्यालाच इथं राहता येईल, शलमोन."

शलमोननी झोपडीतून दुर्बीण आणली होती. तिची काच ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते, रोज पुसत तशीच. पुसून पेटीत ठेवली, झाकण लावलं.

"साहेब, माज्या जन्मात मला अहो म्हननारे तुमी पयले," ते म्हणाले. "मी तेवढ्यावरच भुललो. तुमाला माळ पायजे हुता, मागून न्यायचा. सरकारपुढं कोन काय करतंय? पर माजा शबुद का वापरलात? माज्याजवळ तेवढाच येक हुता."

 शलमोननी पेटी उचलून स्वतः लॉरीत नेऊन ठेवली, नीट, धक्का लागणार नाही अशी. मग परत येऊन दार लावून घेतलं. लॉरी जायला बराच वेळ लागला.

होळी चार दिवसांवर आली. ज्वारी काढून झाली, मळून झाली, माळावर सगळ्यांचे ढीग पडले. आणि वारा नाही! भुसकटाची काडी हलत नव्हती. गाड्या जुंपायच्या तयारीत, कुणी कर्जतला पाहुण्यांकडे जाणार, कुणी शेवगावच्या बाजूला, आणि वर्षाचं धान्य भुसकटात पडलेलं. बाया सुपानं पाखडून पाखडून थकल्या. सगळ्यांचे डोळे आभाळाकडे जायचे, मग न चुकता आमच्या आळीकडे वळायचे, आणि लगेच फिरायचे. मेले तरी विचारायचं नाही, असं गावानं ठरवलेलं दिसत होतं.

तिसऱ्या प्रहरी शलमोन माळावर जाऊन आले. मी विचारलं, "काय?"

"लई वर पातळ ढगाच्या रेघा हायेत. उगवतीला पळत्यात. उद्या न्याहारीच्या टायमाला वारं सुटंल."

"फुगा नाही, दुर्बीण नाही. खात्री किती?"

"बारा आने."

"आणि राहिलेले चार?"

"त्ये देवाचे," ते म्हणाले आणि पागोटं बांधून निघाले. मी हाताला धरलं. जाऊ नका म्हटलं, पुन्हा हलगी फेकतील. "न सांगून कसं चालंल?" ते म्हणाले. "वारं सांगीन म्हनून बी शबुद दिलाय."

मीही मागोमाग गेले. खळ्यावर पाटील पोती भरायला लावत होते, भुसकटासकट.

"पाटील, उद्याचा दिवस थांबा," शलमोन म्हणाले. "अजून मुदत हाय. उद्या सकाळी वारं येतंय. समद्यांचं उफनून हुईल."

माळावरचे सगळे हात थांबले. एक क्षण मला वाटलं, ऐकतील. पाटलांनी खरंच एकदा मावळतीकडे नजर टाकली.

"तुज्या शबुदावर येकदा थांबलो," पाटील म्हणाले, "तर गाव गेलं. आता येक घटका बी थांबायचं न्हाई. भरा रं!"

भरलं. सगळ्या गावानं दाण्यात निम्मं भुसकट भरलं आणि संध्याकाळपर्यंत गाड्या उतरणीला लागल्या. एक दिवस थांबले असते तर काही बिघडत नव्हतं. पण शलमोनवर विश्वास ठेवून एक दिवस थांबण्यापेक्षा त्यांना वर्षभर भुसकट खाणं मंजूर होतं. आमच्या आळीनंही तेच केलं. गाड्यांमागून धुरळा उडाला आणि तिथल्या तिथंच खाली बसला. वारा नव्हताच.

सकाळी आम्ही माळावर गेलो. आमची रास होती, आणि तिकडच्या टोकाला एक छोटी रास, तिच्याशेजारी झुंबरबाई गुडघ्यात मान घालून बसलेली. पुतण्याच्या गाडीत तिच्या धान्याला जागा झाली नव्हती. तो आज दुसऱ्या खेपेला येणार होता. शलमोनच्या शब्दासाठी ती थांबली असं नाही. तिला कुणी नेलं नव्हतं, एवढंच.

ऊन जरा वर आलं. शलमोन मावळतीकडे तोंड करून उभे होते. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, आणि खरं सांगते, धान्यासाठी नव्हते करत. आधी बांधावरचं गवत हललं. मग माझा पदर. आणि मग असा वारा सुटला की रिकाम्या खळ्यांवर राहिलेलं सगळं भुसकट उठून गावावर गेलं, त्या उघड्या दारांवर, चावडीवर.

मला रडू फुटलं. "बघा," मी ओरडले, कुणाला ओरडले कुणास ठाऊक, "बघा, आला!"

मी तिपाई ओढत आमच्या राशीकडे न्यायला लागले. एकदा तरी, म्हटलं, जन्मात एकदा तरी पहिली पाळी आपली. शलमोननी माझ्या हातातून तिपाई घेतली.

"तिचं आदी," ते म्हणाले. "गाडी येईल तिची."

झुंबरबाई उठली. पाटी भरली, रीतीप्रमाणे चार हात लांब जमिनीवर ठेवली आणि मागं सरकली. माळावर बघायला चिटपाखरू नव्हतं, तरी तिनं ती जमिनीवरच ठेवली. मी पाटी उचलून शलमोनच्या हातात दिली. ते तिपाईवर चढले आणि ओतायला लागले. पिवळा, स्वच्छ दाणा सरळ खाली पडत होता. पाटीमागून पाटी. तिची अर्धी रास झाली, तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं,

"वारं कवा पडंल रं?"

शलमोनचे हात थांबले. त्यांनी आभाळाकडे बघितलं. ह्या खेपेला खरोखरच बघितलं, बराच वेळ.

"दिवस बुडंस्तवर ऱ्हाईल, आजी," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा सांगितलं. "लई हाय अजून."

दुपारी तिचा पुतण्या आला, पोती गाडीत टाकली, म्हातारीला वर बसवलं आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. मग आम्ही आमची रास उफणायला घेतली, नेहमीसारखी सगळ्यांच्या शेवटी. मी पाट्या देत होते, शलमोन ओतत होते. वारा दिवस बुडेपर्यंत पडला नाही. धोंडवाडीच्या माळावर एवढा वारा आम्ही कधी पाहिला नव्हता, आणि आमच्यामागं पाळीला कुणी उभं नव्हतं.